राखीव दिवस

आमचे हे बस डेपोत वेळापत्रकं आखतात. गेली अकरा वर्षं घरीही एक आखताहेत, दूर उत्तरेकडच्या एका बेटावरच्या चिमुकल्या राजधानीच्या सहलीचं. शहर एवढंसं, की सकाळी निघालं तर जेवणाच्या वेळेपर्यंत पालथं घालून होतं. वेस ओलांडली की काळे कडे, धबधबे, वाफा सोडणारी जमीन, आणि माणसाचा पत्ता नाही. तिथले फोटो यांना पहिल्यांदा मीच दाखवले, तिथेच चुकलं. यांच्या हातात काहीही दिलं तरी त्याचा तक्ता होतो.

डेपोचा नियम असा, की राखीव गाडी उभी असल्याशिवाय एकही गाडी सुटत नाही. यांनी तो सहलीला लावला. विमान चुकलं तर एक दिवस राखीव, धुकं पडलं तर एक, माझं पोट बिघडलं तर एक. सात दिवसांच्या सहलीला सात राखीव, एकूण चौदा. रजा मिळते दहा दिवसांची. मग वही मिटून म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. नमनालाच घडाभर तेल जायचं.

मी कपडे दुरुस्त करून देते. उसवलेलं शिवणं, सैल असेल ते आत घेणं, चेन बदलणं. कापडाला कात्री लावल्याशिवाय आमच्यात काही होत नाही, त्यामुळे नुसती मापं घेत बसणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. तरी अकरा वर्षं कळ काढली. या महिन्यात मात्र एका जागी बसवेना. मशीनवरून उठायचं, खिडकीशी जायचं, परत मशीनवर यायचं. दोनदा सुई बोटात गेली. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय मी दोनदा आखूड केला.

माझ्या पिशवीत डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद होता. डाव्या डोळ्याची नजर कडेकडेने जात चालली होती. गेलेली परत येणार नाही, औषधाने फार तर वेग कमी होईल. उजवा अजून धड होता, पण किती दिवस, ते डॉक्टर सांगेनात. कागद मी यांना दाखवला नव्हता. दाखवला तर सहल कायमची रद्द होईल, याची मला धास्ती होती.

रविवारी हे पुन्हा वही घेऊन बसले. यंदा धुक्याला दोन दिवस धरावेत म्हणाले, म्हणजे पंधरा झाले. मी यांचा चहा टेबलावर ठेवला, तो डावीकडे टेबलाच्या कडेबाहेर. कप फुटला.

"लक्ष कुठे आहे तुझं?"

"लक्ष इथेच आहे. दिसत नाही," मी म्हटलं आणि पिशवीतला कागद काढून यांच्या वहीवर ठेवला.

यांनी तो दोनदा वाचला. आता पुढच्या वर्षीचं नाव काढलं तर एकटी जायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. यांनी आधी खाली बसून काचा गोळा केल्या. मग खोडरबर घेऊन राखीव दिवस एकेक करून खोडायला लागले. प्रत्येक दिवस खोडला की फुंकर मारून रबराचा चुरा उडवत होते. मला दया आली आणि संतापही आला, कारण हे अकरा वर्षांपूर्वीही जमलं असतं.

सात दिवस उरले तेव्हा यांनी नकाशा पसरला. राजधानीतून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून परत यायचा रस्ता बोटाने धरून बघत राहिले.

"असं गेलो तर समुद्र सगळा डावीकडे येतो," हे म्हणाले. "उलटं फिरू या."

अकरा वर्षांचा मार्ग यांनी शेवटच्या मुक्कामापासून उलटा लिहायला घेतला. मुक्काम उलटे, बसच्या वेळा नव्या. वर पुढच्या महिन्याची तारीख घातली. माझ्याच्याने राहवेना.

"अहो, आणि काही चुकलं तर?"

"चुकेल," हे मान वर न करता म्हणाले. "तू उजवीकडच्या खिडकीशी बस."