मागच्या दाराची खरूज

मी आरोग्यकेंद्रातली नर्स, आणि माझा स्वभाव तापट आहे, हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच धाकट्या सुताराची बायको आठ महिन्यांचं बाळ घेऊन तिसऱ्यांदा आली, तेव्हा डॉक्टरांनी तिला हळूच माझ्याकडे वळवलं आणि स्वतः चहाला गेले.

खरूजच होती. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, तळपायांवर तेच बारीक पुरळ. पोर रात्रभर रडायचं, आणि खाजवून झालेल्या जखमांत आता पू धरू लागला होता. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावलं होतं, कपडे उकळले होते, तरी बरी होऊन पुन्हा आलीच. तुमचं मलमच पाणचट आहे, असा नवऱ्याचा निरोप होता. झालं, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जखमांचं औषध दिलं, पिशवी उचलली आणि तिच्याबरोबर निघाले.

एका घराची दोन घरं झालेली. दोघे भाऊ सुतार, वडिलांच्या कामाच्या टेबलावरून भांडले, आणि शेवटी सुतारच ते, त्यांनी टेबल मधोमध कापलं. आता प्रत्येकाकडे दोन पायांचं अर्धं टेबल, मधल्या भिंतीला टेकवून उभं केलेलं. भिंत पडली तर दोघांचाही धंदा आडवा होईल. वर्षभर अबोला.

खरूज वाऱ्यावरून येत नाही, अंगाला अंग लागावं लागतं. बाळाला कोण कोण उचलतं, मी विचारलं. आई, बाप, आजी. आणखी? धाकटी मान खाली घालून बाळाचं झबलं नीट करू लागली. ते नीटच होतं.

मग मी अंगणात जाऊन मुद्दाम मोठ्याने सांगितलं, की बाळाला उचलणारा कुणीतरी मलमावाचून राहिलाय आणि तो सापडेपर्यंत लेकराला झोप नाही. पलीकडचा रंधा थांबला. थोरला बाहेर आला. दारात मावणार नाही असा माणूस, कानावरची पेन्सिल काढून बोटांच्या बेचक्यात खाजवत होता.

"मी घेतो त्याला," तो म्हणाला. "दुपारी, मागच्या दारानं. माझ्या खांद्यावर झोपतो तो."

धाकटा करवत हातात घेऊनच आपल्या दारात आला. "तरीच जावळात सागाचा भुसा," तो म्हणाला. "मी तर कधीचा साग कापलेला नाही."

थोरल्याने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. आधी घामोळं वाटलं, मग विचारायची भीती वाटली, असं पुटपुटला. "आता मला नाही ना घेता येणार त्याला?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. डोळे भरून आले, तेही लपवता येईनात.

"दोन्ही घरांनी आज एकदमच मलम लावायचं," मी म्हणाले. "मग खुशाल घ्या. पण पुढच्या दारानं."

"ते उघडंच असतं," धाकटा म्हणाला.

संध्याकाळी दोन्ही जावा एकाच चुलीवर कपडे उकळत होत्या आणि अंगभर मलम चोपडलेल्या नवऱ्यांना हसत होत्या. सासूबाईंनी तर दोन्ही लेकांच्या पाठी स्वतः चोळल्या, अगदी रंधा मारल्यासारख्या.

पुढच्या आठवड्यात मी मलमाचा दुसरा हात द्यायला गेले. थोरला पुढच्या पायरीवर बसला होता. त्याने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. बोट स्वच्छ होतं, खांद्यावर बाळ गाढ झोपलं होतं, आणि आत धाकट्याने करवत बंद ठेवली होती.