भिंतीकडे तोंड केलेली बाई

केळीचा चीक आधी पाण्यासारखा निर्मळ असतो, वाळता वाळता काळा पडतो. सुभद्राअक्कांच्या तळव्यांत तो इतका मुरला होता, की रेषा कुठली आणि डाग कुठला हे उमगत नसे. चोपड्याच्या शिवारातल्या शेडमध्ये त्या केळी धुऊन पेट्यांत भरण्याचे काम करीत. माघातले कोवळे ऊन पत्र्याच्या फटींतून हौदाच्या पाण्यावर उतरे, आणि त्या लखलखीत पाण्यात हिरव्या फण्या बुडवताना त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत. गाणे म्हणावे तर सूर नाही, प्रार्थना म्हणावी तर देव नाही.

मी नऊ वर्षांची होते. वडील त्याच शेडवर गाड्या भरीत, म्हणून आई गेल्यापासून सकाळची शाळा सुटली की मीही तिथेच येऊन बसे. कुणाशी बोलत नसे. बोललेच, तर भुताची गोष्ट सांगे, आणि तीत नेहमी एकच बाई असे: भिंतीकडे तोंड करून निजलेली. तिच्या खोलीत जो जाई, त्याचा आवाज नाहीसा होई. शेजारच्या मुली घाबरल्या. त्यांच्या आयांनी त्यांना माझ्याजवळ बसू देणे बंद केले. वडिलांनी माझ्या गळ्यात ताईत बांधला. भूत हाकलायला सगळेच पुढे आले. त्या भुताखेरीज मला सोबत कुणाची, हे मात्र कुणी विचारले नाही.

अक्का ऐकत राहिल्या. त्या खरोखर घाबरत, आणि घाबरल्याचे लपवीतही नसत. मोठ्या माणसाने माझ्या भयाला दिलेला तो पहिला मान होता. दुसऱ्या दिवशी पुढचे विचारीत. खोलीला खिडकी होती का, उजेड कुठून यायचा, चूल पेटलेली होती की विझलेली. मी सांगत गेले, आणि ती खोली दिवसेंदिवस आमच्या घरासारखी होत गेली.

एका दुपारी त्या हात पुसून माझ्याजवळ येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "मंग ती पोर दिनभर काय करे?"

गोष्टीत पोर आहे असे मी कधीच म्हटले नव्हते. तरी तोंडून निघून गेले, "आवाज न करता खेळत होती. आईची झोप मोडू नये म्हणून."

मग सगळेच सांगितले. तापलेली आई त्या दिवशी भिंतीकडे वळून निजली होती. वडील सांजेला आले तेव्हा कळले, की ती सकाळीच गेली होती. सबंध दिवस मी बाहुलीशीदेखील कुजबुजत बोलले होते. एक हाक मारली असती तर, हा विचार मी कुणापाशी उच्चारला नव्हता. तोच माझ्या गोष्टींतून भूत होऊन हिंडत होता.

अक्कांनी मला जवळ ओढले. "तुन्ही काहीच चूक नई शे, बेटा," त्या म्हणाल्या. "तू तिले शांत झोपू दिधं."

मी मोठ्याने रडले. त्या सांजेला त्यांनी वडिलांना बाजूला घेऊन हे सांगितले, आणि घरी आल्यावर वडील पहिल्यांदाच माझ्यासमोर रडले. त्यानंतर आमच्या घरात आईचे नाव निघू लागले.

आता मी जळगावात राहते, मुलांसाठी भयकथा लिहिते. कोवळ्या मनांना कशाला घाबरवता, असे पालक विचारतात. मी त्यांना म्हणते, गोष्ट वाचून झाली की जरा लेकराजवळ बसा, आणि पुढे काय झाले ते त्यालाच विचारा.

अक्का अखेरची वर्षे धुळ्याला लेकीकडे होत्या. पहिले पुस्तक घेऊन गेले तेव्हा त्यांची दृष्टी गेलेली होती. मी वाचून दाखवले; त्या पूर्वीइतक्याच घाबरल्या, आणि पुढचे विचारीत राहिल्या.

त्यांना जाऊन वर्ष होईल. त्यांची मुद्रा स्मृतीत धूसर होत चालली आहे, आणि त्याचे मला भय वाटत नाही. बालपणी ज्यांनी आपले ऐकून घेतले, ती माणसे काळाने नेली तरी आपण दुसऱ्याचे ऐकत बसतो तेव्हा तिथे असतात.