टकटकबाईच्या कानातून

मी कानातलं यंत्र बोलतोय. हसू नका. सगळा जन्म दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोहोचवण्यात गेला, आज पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगतोय, तर नीट ऐकून घ्या. आकारानं मी बोटाच्या पेराएवढा. रंग मुद्दाम कातडीसारखा दिलाय, कारण माणसांना चष्मा मिरवायला आवडतो आणि मला लपवायला.

कारखान्यात मला एका पेटीत ठेवून शिट्टी ऐकवली, घंटा ऐकवली, तान्ह्या बाळाचं रडणं ऐकवलं. मी पास झालो. मग दुकानातल्या काचेच्या कपाटात बरेच दिवस पडून होतो. तिथं एका दुपारी दोन बहिणी आल्या. थोरली लंगडत आली आणि दार सताड उघडं असूनही चौकटीवर टक टक टक करून मगच आत शिरली. धाकटी मागून घाईघाईनं म्हणाली, "ताई, पुरे गं, लोक बघतायत!"

मी ताईच्या कानात बसलो. घरी आल्यावर तिनं पहिलं काय ऐकलं असेल, तर न्हाणीघरातला नळ.

"अगं बाई, हा गळतोय की! कधीपासून?"

"दोन वर्षं झाली," धाकटी म्हणाली.

"आणि मला सांगितलं नाहीस ते?"

"सांगितलं. तुला ऐकू आलं नाही."

ताई पोट धरून हसली. असा स्वभाव. मला वाटलं, चला, घर बरं मिळालं. एक गोष्ट मात्र आताच सांगून ठेवतो. माझ्या पाठीवर एक बारीकसं बटण आहे. ते दाबलं की मी बंद होतो, पुन्हा दाबलं की चालू. बंद असलो तरी मला सगळं ऐकू येतं. मी पुढे पोहोचवत नाही, एवढंच. हे माणसांना ठाऊक नसतं, आणि कोणी मला विचारलेलंही नाही.

आई लवकर गेली, तेव्हा धाकटीला ताईनंच वाढवलं. वेण्या घातल्या, फिया भरल्या, स्वतःचं लग्न राहून गेलं. धाकटी पुढे लेखिका झाली. मोठी झाली, नावाजली. दोघी एकाच घरात राहत. रोज संध्याकाळी ताई भाजी निवडायला बसायची आणि धाकटी तिला दिवसभराचं लिहिलेलं वाचून दाखवायची. शेवटी विचारायची, "कसं वाटलं?" ताई म्हणायची, "छान झालंय. फक्त तो डॉक्टर फार बोलतो." आणि धाकटी मुकाट्यानं डॉक्टरचं बोलणं कापायची. सगळी पुस्तकं अशी झाली. एकच सोडून.

ती भुताची कादंबरी. "तू नको ऐकूस ताई, तुला झोप लागायची नाही," असं म्हणून धाकटीनं ती दार लावून लिहिली. आणि तीच नेमकी धो धो खपली. ताईला घाबरायची हौस नव्हती. तिनं कधी पान उलटून बघितलं नाही.

मग त्या कादंबरीवरून सिनेमा काढायचं ठरलं. पण कादंबरीतली गोष्ट नाही, तिच्या आधीची. भूत भूत कसं झालं, ते. पटकथा लिहिणारा एक पोरगेला माणूस घरी आला, तेव्हा धाकटी बाहेर गेली होती. ताईनं त्याला चहा दिला. त्यानं सहज विचारलं, "मावशी, तुमचा पाय कशानं हो?"

"लहानपणी कोळशाच्या खोलीत अडकले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दार बडवून बडवून हात सोलले, कोणी आलं नाही. शेवटी वरच्या झरोक्यातून बाहेर उडी टाकली. पाय मोडला, तो वाकडाच जुळला. तेव्हापासून कुठलंही दार दिसलं की माझा हात आपोआप जातो बघा."

"आणि दार कसं लागलं?"

"वाऱ्यानं. वडलांना तेच सांगितलं मी."

"वारा कडी लावतो का हो, मावशी?"

ताई हसली आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला. पण मी तिच्या कानात होतो. तिच्या कानशिलातली शीर कशी उडायला लागली, ते मला विचारा.

सिनेमा आला. धाकटी भडकली. पेपरात लिहिलं, सभांमधून सांगितलं, की या लोकांनी माझ्या पुस्तकाची माती केली. वाचकांमध्येही दोन तट पडले. पुस्तकवाले आणि सिनेमावाले. एकमेकांची तोंडं बघेनात. शेवटी त्यांनीच एका सभागृहात मेळावा भरवला. आधी वेशभूषेची स्पर्धा, मग वाद, आणि निकाल द्यायला व्यासपीठावर खुद्द लेखिका. धाकटी नटूनथटून गेली आणि चष्मा टेबलावर विसरली.

"आता हिला दिसणार काय, कपाळ!" ताई म्हणाली. चष्मा मुठीत धरला, टॅक्सी केली आणि तिथं पोहोचली. सभागृहाचं बाजूचं दार उघडंच होतं. ताईनं सवयीनं चौकटीवर हात मारला. टक टक टक. आणि लंगडत आत गेली.

अशा टाळ्या पडल्या की माझ्यात शिट्टी वाजली. माईकवाला ओरडला, "अरे वा! काय एंट्री आहे!"

ताई गोंधळून बघायला लागली. समोर रांगेनं माणसं उभी होती. बाया, बाप्ये, कॉलेजातली पोरं. सगळ्यांनी तोंडाला कोळसा फासलेला, अंगावर शाली, आणि सगळे लंगडत होते. एकानं तर हातात लाकडाची फळी आणली होती आणि तो ती ठोकत होता. एका स्वयंसेविकेनं ताईच्या पदराला नंबराचा कागद टाचला.

"अहो, मी चष्मा द्यायला आलेय," ताई म्हणाली.

"आजी, हा डायलॉग कुठल्या पानावरचा?" मागून कोणीतरी विचारलं आणि सगळं सभागृह खदखदून हसलं.

ताईही हसली बिचारी. तिनं व्यासपीठाकडे बघितलं. तिथं धाकटी बसली होती. आता ही सांगेल, की अहो, ही माझी बहीण आहे, खुर्ची द्या तिला. ताई निवांत उभी राहिली. तिला घाई नव्हती.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. कादंबरीच्या मागच्या पानावर लेखिकेची माहिती आहे. त्यात छापलंय, आईवडिलांची एकुलती एक मुलगी.

स्वयंसेविकेनं चष्मा वर नेऊन दिला. मला वाटलं होतं, धाकटीला लांबचं दिसलं नसेल. पण तिनं चष्मा घातला. समोर नीट बघितलं. माईकमधून तिचा अडकलेला श्वास मी ऐकला. मग ती म्हणाली, "प्रयत्न चांगला आहे. पण पाय चुकला. पुस्तकात डावा आहे."

पुस्तकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईनं खाली वाकून आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. तिला अजून काही कळलं नव्हतं. तिला स्पर्धकांच्या बाकावर बसवलं आणि वाद सुरू झाला.

पुस्तकवाल्यांचा म्होरक्या दातांचा डॉक्टर होता. तो उभा राहिला. "पुस्तकातली टकटकबाई घाबरवते, कारण तिला कारण नाही. दार उघडं असलं तरी ती टकटक करते. लहान पोरांना जवळ घेते, वेण्या घालते आणि वेणीनंच गळा आवळते. का? माहीत नाही! भुताला बालपण कशाला हवं? कारण दिलंत की तुमचं भूत शेजारची मावशी होऊन बसतं."

वेण्या म्हटल्यावर ताई ताठ झाली. मला ते मानेतून कळलं.

सिनेमावाल्यांकडून एक पार्लरवाली तावातावानं उठली. "मी पुस्तक वाचलं तेव्हा मला फक्त दचकायला झालं. सिनेमा बघून रडले. ती पोरगी कोळशाच्या खोलीत दार बडवते, आणि बाहेर तिची धाकटी बहीण कडी लावून उभी आहे. ऐकतेय. आणि खेळायला निघून जाते! खरी भीती ती आहे. भूत आतली नाही, बाहेरची आहे."

"पुस्तकात धाकटी बहीणच नाही!" डॉक्टर ओरडला.

"म्हणून तर पुस्तक खोटं वाटतं!"

"लंगडी म्हातारी मारली पाहिजे शेवटी. सिनेमानं तिची कीव करायला लावली, हा पुस्तकाचा अपमान आहे."

"मारा की. तुम्हाला मारायलाच आवडतं."

"अहो, ती चांगली वाटायला लागली तर मजा काय राहिली?"

मजा! हे लोक कोणाबद्दल बोलत होते, ते त्यांना माहीत नव्हतं. पण ते चांगल्या आवाजात बोलत होते आणि मी नव्या सेलवर होतो. एकेक शब्द मी तिच्या कानात व्यवस्थित नेऊन ओतला. चालणं तिचं, ठोकणं तिचं, वेण्या तिच्या. भूत तीच होती. आणि कडी कोणी लावली, हे आयुष्यभर जिच्यासाठी लपवलं, तीच वर माईकपाशी बसली होती. शेजारचा काळ्या तोंडाचा पोरगा तिला म्हणाला, "आजी, तुम्ही पुस्तकवाल्या की सिनेमावाल्या?" ताईनं पदराला टाचलेला नंबर चाचपला.

शेवटी पार्लरवालीनंच हात जोडून विचारलं, "बाई, आता तुम्हीच काय ते सांगा. कडी कोणी लावली होती का?"

धाकटीनं माईक हातात घेतला. तिची नजर बाकाकडे गेली आणि ताईची तिच्याकडेच होती. ताईला फार काही नको होतं हो. "हो" एवढं म्हटलं असतं, तरी पुरलं असतं. नाव नका घेऊ, बहीण म्हणू नका. नुसतं "हो".

"नाही," धाकटी म्हणाली. "कोणी लावली नव्हती. ती जन्मतःच तशी होती. असतात काही माणसं."

टाळ्या थांबेनात. मी ते वाक्य मोठं करून दिलं. माझं कामच ते, आवाज मोठा करायचा. लाज वाटली, पण काम केलं.

ताईला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. कादंबरीची प्रत, लेखिकेच्या सहीची. तिला रांगेत उभं केलं. तिची पाळी आली तेव्हा धाकटीनं मान वर केली नाही. पेन उघडून विचारलं, "नाव काय लिहू?"

"टकटकबाईच लिहा," ताई म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा तिनं धाकटीला अहो-जाहो केलं. धाकटीचं पेन थांबलं, मग तिनं तेच नाव लिहिलं आणि खाली सही केली. मागचा माणूस म्हणाला, "चला आजी, पुढे सरका."

संध्याकाळी धाकटी घरी आली. पर्स आपटली. "तुला तिथं यायची काय गरज होती गं?"

"चष्मा विसरली होतीस."

"मग दाराशीच द्यायचा कोणाकडे तरी! तू ती टकटक करून..." पुढचं मी पोहोचवलं नाही. ताईनं कानामागे हात नेला आणि माझं बटण दाबलं.

तेव्हापासून मी बंद आहे. रोज सकाळी ती मला पुसते, कानात बसवते, आरशात बघते. पण बटण दाबत नाही. धाकटीला पत्ता नाही. ती बोलते, ताई मान डोलावते. दूधवाला आला की ताई त्याच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधते. धाकटीच्या तोंडाकडे मात्र बघत नाही.

वाचनही चालू आहे. मेळाव्यानंतर धाकटीनं नवीन पुस्तक लिहायला घेतलं. रोज संध्याकाळी ती वाचते आणि ताई शेंगा सोलते. धाकटीचा आवाज थांबला, कागद खाली गेला की ताई म्हणते, "छान झालंय." आता डॉक्टर फार बोलतो असं ती सांगत नाही, आणि ते धाकटीच्या लक्षातही आलेलं नाही. मोठी लेखिका! तिला वाटतं, आपलं लिखाणच इतकं सुधारलंय.

परवा मात्र ती वेगळेच कागद घेऊन आली. भूतबीत काही नाही, सरळ दोन बहिणी. थोरलीचा उजवा पाय. तिनं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच रडायला लागली. "कडी मी लावली. तिनं मला आंब्याची फोड दिली नाही म्हणून. तिचा आवाज येत होता. मी ऐकला आणि खेळायला गेले. आणि वडलांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, वाऱ्यानं." कागद मांडीवर टाकून ती म्हणाली, "ताई, सगळ्यांसमोर मी तुला... मला माफ कर. करशील ना?"

मी तडफडलो. तुम्हाला सांगतो, इतक्याशा देहात जितकं तडफडता येतं तितका. ताई शेंगा सोलत होती. एक किडकी निघाली, ती तिनं बाजूला टाकली. आवाज थांबल्याचं तिला कागद खाली गेला म्हणून कळलं. मान वर न करता ती म्हणाली, "छान झालंय. चल, जेवून घेऊ."

धाकटी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. ताईला वाटलं, दमली असेल. तिनं केसांवरून हात फिरवला.

आता धाकटी शांत झोपते. तिच्या लेखी सांगून झालंय आणि ताईनं चूक पदरात घेतलीय. ताई मात्र अजून त्या बाकावर बसून एका "हो"ची वाट बघतेय. मधे मी आहे, बोटाच्या पेराएवढा, आणि सगळं माझ्यापाशी अडकलंय.

कधी त्या घरी गेलात तर एवढं करा. टकटक करत बसू नका, तिला ऐकू जायचं नाही, आणि दार उघडंच असतं. सरळ आत जा आणि तिच्या कानामागचं बटण दाबा. धाकटी पुन्हा सांगेल की नाही, याची मी खात्री देत नाही. पण सेलची काळजी करू नका. तो ताई अजून दर आठवड्याला न चुकता बदलते.