पऱ्हाटीकडे पाठ

तिसरं गाणं सुरू झालं तरी भटूने दांडा उचलला नव्हता. समोर कुटायची लाकडाची खोलगट बडगी. तिच्यात भाजून सोललेली वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण. आणि भोवती बसलेले सगळे भुकेले त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"कूट ना भो," हेमराज म्हणाला.

"यानावर?" भटूने दांड्याने स्पीकर दाखवला. "यानावर भरीत कसं कुटानं? यानावर ते झोप लागस."

सगळे हसले. हेमराज हसला नाही.

पारोळ्याबाहेर भटूच्या शेतात दर हिवाळ्यात ही भरीत पार्टी व्हायची, कॉलेज सुटल्यापासून. कापूस वेचून झाला की उरलेली सुकी पऱ्हाटी पेटवायची, तिच्यावर वांगी भाजायची आणि 'पऱ्हाटी'च्या गाण्यावर भरीत कुटायचं. 'पऱ्हाटी' म्हणजे बँड. धुळ्याच्या कॉलेजातली चार पोरं, दोन गिटार, एक फाटका ड्रम आणि अहिराणीत बोंब. 'बठ्ठा उठा, बठ्ठा उठा, पेटी गयी पऱ्हाटी!' सगळ्यांना उठवणारं हे गाणं लावलं की दांडा आपोआप चालायचा. गाणं संपेपर्यंत भरीत तयार. इतकं साधं गणित होतं.

आता त्या चौघांनी चाळिशी ओलांडली होती, आणि सात वर्षांनी त्यांचा नवा अल्बम आला होता. नाव काय, तर 'सावकाश'. पऱ्हाटी कधी सावकाश पेटते का? काडी लावली की भडकाच. पण गायक अभिमनने आता आवाज खाली घेतला होता, गिटार हळू केली होती, आणि बाप, गुडघे, बायको, घराचा जिना असल्या विषयांवर गात होता.

"अभिमन म्हातारा व्हयी गया," भटू म्हणाला.

"म्हातारा नाही, लबाड झालाय," हेमराज म्हणाला. "पोट सुटलं की माणसाला वाटतं आपल्याला अक्कल आली. बंद कर ते."

पुढची गाणी कोणी ऐकलीच नाहीत. भटूने जुनं लावलं, दांडा पडायला लागला, पोरं, म्हणजे पोटं सुटलेले बाप, उड्या मारायला लागले. हेमराजनेही मारल्या. चौथ्या उडीला त्याच्या कमरेत कळ आली. कळ कोणाला दिसू नये म्हणून त्याने आणखी एक मारली.

धुळ्यात आग्रा रोडवरच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात हेमराज काउंटरवर उभा राहायचा. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सुटलं, ते सुटलंच. त्याचं म्हणावं असं आयुष्यात फार काही नव्हतं. घर भाड्याचं, दुकान मालकाचं, गाडी हप्त्याची. पऱ्हाटी मात्र त्याची होती. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पहिल्यांदा ती चार पोरं स्टेजवर आली तेव्हा सगळ्यांनी चपला दाखवल्या होत्या. पुढे जाऊन नाचणारा एकटा हेमराज. आज मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये हजारभर माणसं होती आणि ग्रुपचा मालक तो होता. कोणी नवा आला की तो आधी चौकशी करायचा, 'तू कधीपासूनचा?'

त्या संध्याकाळी देवपुरातल्या घराचा जिना चढताना त्याला वरून हसणं ऐकू आलं. बायको मोहिनी आणि मुलगी मयुरी. मयुरी कुठल्या तरी मॅडमची नक्कल करत होती आणि मोहिनी दम लागेपर्यंत हसत होती. मागे हळू आवाजात गाणं चालू होतं. त्याने दार ढकललं. मयुरीने वही ओढली. मोहिनी उठून ओट्याकडे गेली आणि जाता जाता गाणं बंद केलं.

"काय चाललं होतं?"

"काही नाही," मोहिनी म्हणाली. "जेवणार का? का भरीत झालं?"

हेमराजला यात काही वावगं वाटलं नाही. बाप घरात आला की घर जरा जागेवर येतं, असं त्याचं मत होतं. त्याच्या बापाच्या वेळीही असंच होतं. त्याला खटकलं ते दुसरंच.

"ते गाणं कोणतं होतं? आवाज अभिमनचा वाटला."

"हो. नवीन आहे ना त्यांचं. 'पायरी'."

तो बघतच राहिला. ही बाई यावलकडची, केळीवाल्या घरची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने तिला 'बठ्ठा उठा' ऐकवलं, तर ती म्हणाली होती, "कोणी मेलंय का?" पुढे इतक्या वर्षांत पऱ्हाटी लागली की तिने दारं लावून घेतली होती.

"तुला कधीपासून पऱ्हाटी आवडायला लागली?"

"पऱ्हाटी नाही आवडत. हे आवडतं."

"काय आहे त्याच्यात? रडगाणं नुसतं."

"तुम्ही ऐकलं का पूर्ण?"

त्याने ऐकलं नव्हतं. पण तसं सांगितलं नाही. "मला ऐकायची गरज नाही. मी त्याला तो उपाशी होता तेव्हापासून ओळखतो."

मोहिनीने पोळी तव्यावर टाकली. ती डबा घ्यायला वळली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ती रडलेली आहे. हसण्याच्या आधी कधीतरी. डोळ्यांखाली तसं दिसत होतं. त्याच्यासमोर ती शेवटची रडली ती तिचे वडील गेले तेव्हा, आणि तेव्हाही ती पदर घेऊन दुसऱ्या खोलीत गेली होती.

मग सुरू झाला जळफळाट. दुसरा शब्द नाही. दुकानात गिऱ्हाईक क्लच प्लेट मागायचं आणि हेमराजच्या डोक्यात अभिमन. त्याच्या बायकोला रडवणारा हा कोण? आपण ज्याला खांद्यावर घेऊन नाचलो, तो आपल्याच स्वयंपाकघरात शिरून बसला? आणि इतकी वर्षं आपण त्या घरात काय, भाडेकरू होतो? पोळ्या करताना तिच्या ओठांवर तेच. कपडे वाळत घालताना तेच. तो आत आला की बंद. चोरून भेटावं तसं ती ते गाणं ऐकत होती.

त्याने ग्रुपवर लांबलचक लिहिलं. अभिमनने पऱ्हाटी विकली, आता प्राध्यापक लोक टाळ्या वाजवतील, पेपरात 'परिपक्व' म्हणून छापून येईल, परिपक्व म्हणजे काय तर पिकून पडलेलं, केळं काळं पडतं तसं. लोकांनी धडाधड अंगठे दिले. शिंदखेड्याच्या रत्ना नावाच्या एका नर्सने तेवढं उलट लिहिलं, 'मी रात्रपाळीहून येऊन हे ऐकते. मला बरं वाटतं. तुम्हाला काय त्रास?' हेमराजने तिला ग्रुपमधून काढलं.

दोन दिवसांनी भटूचा फोन आला. आधी तो कापसाच्या भावावर बोलला. मग खोकला.

"भो, राग नको मानू. त्या गाण्याखाली एक कमेंट शे. मोहिनी नावाची. ती आपली वहिनी का?"

हेमराजने दुकानाच्या मागे जाऊन उघडलं. शेकडो लोकांच्या खाली मोहिनीने लिहिलं होतं, 'हे आमच्या घरातलं आहे. तुम्हाला कसं कळलं?' आणि त्याखाली, खुद्द अभिमनचं उत्तर. 'ताई, माझ्याही घरातलं आहे.'

बस, एवढंच. पण हेमराजने ते तीनदा वाचलं. वीस वर्षं तो या माणसाला लिहीत होता. प्रत्येक गाण्याखाली, प्रत्येक फोटोखाली. वाढदिवसाला. अभिमनचे वडील वारले तेव्हा. एकदाही, साधा एक अंगठासुद्धा आला नव्हता. आणि हिने पहिल्यांदा तोंड उघडलं तर हिला उत्तर. कोणाचा जास्त राग यावा हेच त्याला कळेना. आपण बायकोसाठी जळतोय की त्या गायकासाठी, हेही त्याला नीट सांगता आलं नसतं. गाणं तिथेच होतं, बोट लावायचा अवकाश. त्याने लावलं नाही.

घरी तो एवढंच म्हणाला, "लोक बघतात. आपल्या घरातलं बाहेर काय म्हणून लिहायचं?"

मोहिनी भाजी निवडत होती. "घरात कोणाला सांगू?"

हेमराज ओरडला. काय ओरडला ते त्यालाही नंतर आठवलं नाही. मयुरी आतल्या खोलीत गेली आणि मोहिनीने मेथीची जुडी संपवली.

जळगावला पऱ्हाटीचा कार्यक्रम ठरला तेव्हा बेत हेमराजनेच काढला. जुन्या सगळ्यांनी काळे टी-शर्ट घालून पुढे उभं राहायचं. जुन्या गाण्यांना नाचायचं. आणि 'पायरी' सुरू झालं की बठ्ठ्यांनी स्टेजकडे पाठ करायची. ओरडायचं नाही, शिवी नाही. नुसती पाठ. वीस वर्षं छाती दाखवली, आता पाठ बघ म्हणावं.

"मला पण यायचंय," मोहिनी म्हणाली.

"कुठे?"

"जळगावला. तुमच्या बँडला."

नाही म्हणायला त्याला कारण सापडेना. शेवटी भटूच्या गाडीत मागे मोहिनी, पुढे हे दोघं. पोटावर ताणलेल्या काळ्या टी-शर्टात भटू कोंबलेला दिसत होता.

"वहिनी, तुमी बी पाठ करश्यात ना?" पारोळा मागे पडल्यावर त्याने आरशात बघत विचारलं.

"कसली पाठ?"

भटूने हेमराजकडे पाहिलं. हेमराजने खिडकीबाहेर. भटूने सगळं सांगून टाकलं, त्याच्या पोटात काही राहत नाही.

"बरं," मोहिनी म्हणाली. एरंडोलपर्यंत ती बाहेरची शेतं बघत होती. मग म्हणाली, "भटूभाऊ, मला जरा मागची खुर्ची बघून द्या. पुढे धक्काबुक्की असते."

हॉल भरला होता. पुढे काळे टी-शर्ट, मागे खुर्च्यांवर बायका, पोरं, चष्मेवाले. चष्मेवाल्यांकडे बघून हेमराजचं डोकं पुन्हा तापलं. लोक चपला दाखवत होते तेव्हा कुठे होतात रे?

पऱ्हाटी आली. चौघांचे केस गेलेले. 'बठ्ठा उठा' सुरू झालं आणि हेमराज सगळं विसरला. कंबर, दुकान, मोहिनी, सगळं. तो नाचला, घसा फोडून ओरडला. गाणं संपलं तेव्हा तो भिंतीला धरून श्वास घेत होता आणि वर अभिमनही गुडघ्यांवर हात टेकून तसाच श्वास घेत होता.

मग अभिमनने खुर्ची मागवली. बसला. "आता जे गाणार आहे त्याच्यावर तुम्ही मला लई शिव्या दिल्या. मी बठ्ठ्या वाचल्या," तो म्हणाला. "एक जण म्हणतो, काळं पडलेलं केळं." लोक हसले. "भाऊ, काळं पडलेलंच गोड राहतं."

त्याने वाचलं होतं! ग्रुपमधलं त्याच्यापर्यंत कोणीतरी पोचवलं होतं.  एक गिटार वाजायला लागली, एकटीच. हेमराजने हात वर केला आणि स्टेजकडे पाठ केली.

बाजूच्या चार-सहा जणांनी केली. भटूने केली. बाकीच्यांनी नाही. पण आता मागे हटणं शक्य नव्हतं. हेमराज छातीवर हाताची घडी घालून उभा राहिला, तोंड लोकांकडे. आणि त्याच्या पाठीमागून अभिमनचा आवाज आला.

*पायरीवर उभा राहीसन आयकस मी,*
*मना घरमा हासू शे.*
*दार लोटं, नि हासू थांबी गयं...*

हेमराजने ते शब्द पहिल्यांदा ऐकले. मग पुन्हा तीच ओळ आली. त्याला आपला जिना दिसला. दम लागेपर्यंत हसणं. मयुरीने ओढलेली वही.

समोर पाचव्या-सहाव्या रांगेत मोहिनी बसली होती. ती गात होती. ओठ पुटपुटत नव्हते, गात होते. मान जरा वर, डोळे स्टेजवर, गालांवरून पाणी, आणि ते पुसायची तिला काही घाई नव्हती. हा चेहरा हेमराजने पाहिला नव्हता. लग्नात नाही, मयुरीच्या वेळी नाही. शेजारची कोणी अनोळखी बाई तिचा हात धरून बसली होती आणि मोहिनीने तो धरू दिला होता.  आता त्याला त्या बाईचाही हेवा वाटला.

तेवढ्यात मोहिनीची नजर खाली आली. सगळा हॉल स्टेजकडे बघत होता आणि एक माणूस तिच्याकडे. तिला तो दिसला.

तिचे ओठ थांबले.

तिने पदर उचलला, डोळे कोरडे केले, शेजारणीच्या हातातून हात सोडवून मांडीवर घेतला आणि जेवायला वाढायच्या आधी बसते तशी नीट बसली.

हेमराजने हाताची घडी सोडली. क्षणभर त्याला वाटलं, तिला खूण करावी, गा म्हणावं. पण अशी खूण कशी करतात ते त्याला येत नव्हतं. मग तो हळूच वळला. स्टेजकडे तोंड करून, मोहिनीकडे पाठ करून उभा राहिला.

"काय भो," बाजूने भटू कुजबुजला, "तू बी?"

"तू पण वळ," हेमराज म्हणाला. "तिकडे बघू नको."

वर अभिमन डोळे मिटून गात होता. हेमराजने त्याच्याकडे पाहिलं नाही. मान खाली घालून, कान मागे लावून तो उभा राहिला. शेकडो लोक गात होते. त्यात पाचव्या-सहाव्या रांगेतला एक आवाज पुन्हा सुरू झाला की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता. तरी गाणं संपेपर्यंत त्याने वळून पाहिलं नाही.