शेषेराव सरांची मिशी

"आवाज काढू नका, सर. नुसते ओठ हलवा," पंचशीला मॅडम म्हणाल्या.

शेषेराव सर नाइलाजानं उठले. बिलोलीकडच्या शाळेत उभी हयात गणित शिकवण्यात गेली, आणि आता नांदेडला बोलावून ह्या बाई आपल्याला बोलायला शिकवणार! कर्णबधिर मुलांना कसं शिकवावं, याचं ते प्रशिक्षण होतं. 'त्रिकोणाला तीन बाजू असतात,' सर ओठांनीच म्हणाले. कुणालाच कळलं नाही. पुन्हा म्हणाले, तरी नाही. बाकी शिक्षकांचं थोडंफार तरी ओळखू आलं होतं.

मॅडमनी अवघडून स्वतःच्या वरच्या ओठावर बोट ठेवलं. "राग येऊ देऊ नका सर, पण मिशीआड ओठच दिसून नाही राहिले."

सगळे हसले. सरांना मात्र नववीतली सुकन्या आठवली. कानाला यंत्र लावूनही तिला धड ऐकू येत नसे. ती टक लावून त्यांच्याकडे बघायची आणि ते खेकसायचे, "माझ्या तोंडाकडं काय बघतीस? वहीत बघ!" शेवटी पोरीनं बघणंच सोडलं. परवाच तिचा बाप शिवमूर्ती आला होता. "शाळेतून नाव काढावं म्हन्तो सर. तिला काई समजून नाही राहिलं." सर म्हणाले होते, "तुमची मर्जी." ते शब्द आठवून त्यांना स्वतःची लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी शिवमूर्तीला फोन लावला. "नाव काढू नका. सोमवारी तिला घेऊन या. चूक माझी हाय."

संध्याकाळी गावात उतरले ते थेट सिद्धरामच्या दुकानात.

"मिशी काढ."

सिद्धरामचा वस्तरा हातातच राहिला. "कोन वारलं, सर?"

त्याचंही बरोबर होतं. वडील गेले तेव्हा, त्या एकदाच सरांची मिशी उतरली होती.

"कोनी न्हाई. काढ तू."

घरी केवळाबाईंनी नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि पदर डोळ्यांनाच लावला. "अवो, मोठ्या भाऊजींचं काई..."

"दादा ठणठणीत हाय! अगं, शाळेसाठी काढली."

केवळाबाईंना ते काही पटलं नाही. त्यांनी जाऊबाईंना फोन करून खात्री केली, तेव्हा कुठे चूल पेटली.

सोमवारी सुकन्या मान खाली घालून बसली होती. सरांनी तिच्या बाकावर हलकेच टकटक केलं आणि स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवलं. ती आधी घाबरली. मग बघतच राहिली.

"त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती?" सरांनी तिच्याकडे तोंड करून सावकाश विचारलं.

तिचे ओठ त्यांच्या शब्दांमागोमाग हलले. ती उठली, फळ्यापाशी गेली आणि तिनं लिहिलं, १८०°. सरांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

तास संपल्यावर व्हरांड्यात थांबलेल्या बापानं हातानंच विचारलं, कुणी शिकवलं? सुकन्यानं दोन बोटांनी नाकाखाली पीळ दिला.

शिवमूर्ती सरांकडे बघून ओशाळला. "घरी तुमाला असंच म्हन्ती, सर. आता मिशीच न्हाई, तर काय म्हनावं तिनं?"

सुकन्यानं सरांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि पुन्हा तोच पीळ दिला.

"हाव, तेच म्हन," सर म्हणाले, आणि नसलेल्या मिशीला त्यांनीही पीळ दिला.