चकचकीत टाके

“हा टाका मेलाय,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी सर्किटची पाटी सल्लागार बाईंच्या नाकासमोर धरली. “कसा राख फासल्यासारखा दिसतोय बघा.”

“शिसं नसलं की तो असाच दिसतो, मावशी. पण चांगला ताठ असतो.”

“ताठ तर प्रेतही असतं, बाई.”

सल्लागार बाई सगळं वहीत लिहून घेत. हे घेतलं नाही. छोट्या कारखान्यांना सुधारण्यासाठी मोठ्या कंपनीने त्यांना पाठवलं होतं. दोन खोल्या, सहा टेबलं आणि मनाला येईल तेव्हा फिरणारा पंखा एवढ्या या कारखान्यात सुधारायला भरपूर वाव होता. बाईंनी धूर ओढणाऱ्या नळ्या बसवल्या. कचऱ्याचे तीन डबे आणले, आणि कशात काय टाकायचं यावरून भांडणं सुरू झाली. मग सगळ्यांचं रक्त तपासलं. सर्वांत जास्त शिसं मावशींच्या रक्तात निघालं. शाळेत कधी नंबरात न आलेल्या मावशींचा आयुष्यात पहिल्यांदा पहिला नंबर आला. घरी त्यांनी सांगितलं नाही. सून म्हणाली असती, आता घरी बसा. आणि घरी बसण्याची कला मावशींना कोणी शिकवली नव्हती.

एकतीस वर्षं त्या सर्किटवर तार वितळवून टाके मारत होत्या. नवरा गेला तेव्हाही चौथ्या दिवशी टेबलावर हजर. डोळ्यांत पाणी आलं तर धुरामुळे आलं म्हणायची इथे सोय होती. आता नळ्या आल्यामुळे तीही गेली.

बिनशिशाची नवी तार आली आणि जुनी शिशाची तार सगळ्यांकडून जमा करून घेतली, तेव्हा एक रीळ मावशींच्या जेवणाच्या डब्यात राहिलं. राहिलं म्हणजे ठेवलं. दुपारी बाकीचे जेवायला उठले की जे टाके फारच निस्तेज दिसत, त्यांच्यावर मावशी जुन्या तारेचा एकेक थेंब सोडत. पाहुण्यांसमोर न्यायच्या आधी पोराचं नाक पुसावं, तसं. पुढे पाट्यांवर लाखेचा थर चढे आणि सगळ्याच चकाकत.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. पाट्यांच्या नमुन्यात शिसं सापडलं होतं.

“तारवाल्यानंच भेसळ केली,” मालक म्हणाले. “त्याला सोडत नाही मी.”

“आधी मालाचं बघा,” सल्लागार बाई म्हणाल्या. “नेमक्या पाट्या सापडल्या तर तेवढ्याच काढू. नाहीतर दोन हजारच्या दोन हजार भंगारात, आणि कंपनीच्या यादीतून आपलं नाव कट.”

“लाखेखाली सगळ्या सारख्याच. ओळखणार कोण?”

यादीतून नाव गेलं तर ही सहाही टेबलं रिकामी होणार, हे प्रत्येकाला कळत होतं. मावशींना आणखी एक गोष्ट कळत होती. गप्प बसलं तर निस्तरायला तारवाला होता.

“मी ओळखते,” मावशी म्हणाल्या.

“कशा काय?”

“आपल्या हाताचं आपल्याला कळतं. मीच केलंय ते.”

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. थोरल्या मालकांच्या वेळी हे मालक याच टेबलांच्या पायांना धरून चालायला शिकले होते.

“मावशी, आता मी तुमचं काय करू?”

“आधी निवडू तर द्या. मग काय करायचं ते करा. तुमची दुपटी धुतलीत मी, मला बोलायला लाजू नका.”

“उद्यापासून या टेबलावर नाही बसायचं.” मालक खिडकीकडे बघत म्हणाले.

“बरं.”

त्याच सकाळी मावशी निवडायला बसल्या. पाटी उजेडात तिरकी धरायची, क्षणभर बघायची. चांगली डावीकडे, आपली खोक्यात. कोणी मदतीला आलं नाही, कारण ते काम दुसऱ्या कोणाला येण्यासारखं नव्हतं. चार वाजेपर्यंत खोक्यात तीनशे बारा पाट्या झाल्या.

सल्लागार बाईंनी खोक्यातली एक उचलली, डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिली.

“मावशी,” त्या हळूच म्हणाल्या, “इतकं सुबक काम मी कुठल्याच कारखान्यात पाहिलं नाही.”

“द्या इकडे. मोजणीत चूक होईल.”

मावशींनी ती पाटी घेतली, बाहीने पुसली, खोक्यात पालथी ठेवली आणि पुढची उचलून उजेडात धरली.