सेलमधला जीव

धोंडबा कोष्ट्यानं ट्रान्झिस्टर फडक्यात बांधून फळीवर टाकला, त्याला वर्ष होत आलं होतं. पोरगी जया आपल्या मनानं लग्न करून रामदासपेठेत राहायला गेली, त्याच दिवशी त्यानं माग थांबवून सुनावलं होतं, "या घरात आता गाणं-बिणं लागणार नाही." बायको, सिंधूताई, आपल्या कामाला लागली. बोलून काय उपयोग? धोंडबाचं डोकं एकदा तापलं की निवायला वेळ लागतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक!

आणि आता शेजारची प्रेमिला दारातूनच ओरडून गेली, "काकू, शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर आपल्या जयाचं गाणं आहे!"

"कोणाले ऐकाचं आहे?" धोंडबा मागावरून गुरगुरला. पण त्यानंतर कापडाचा काठ वाकडाच जाऊ लागला.

दुपारी सिंधूताई पाण्याला गेली, तसा त्यानं ट्रान्झिस्टर उतरवला. वर्षभर पडून राहिलेले सेल! एकेकाला तार लावून वर टॉर्चचा बल्ब टेकवला. पेटला! पिवळट का होईना, पेटला. मग सगळेच करत तसे त्यानंही सेल छपराच्या कवेलूंवर उन्हात मांडले. उन्हानं सेलात जीव येतो म्हणतात, आणि नागपूरच्या वैशाखात उन्हाला काय तोटा! ती यायच्या आत सेल परत जागेवर. मग रोज तेच. बल्ब पेटला की त्याला इतकं बरं वाटे, की तो कितीतरी वेळ तार तशीच धरून बघत बसे. नवे सेल आणणं सोपं होतं, पण मग बायकोला काय सांगणार?

शुक्रवारी सिंधूताईनंच ट्रान्झिस्टर खाली काढला. "मी ऐकणार आहे. तुम्हाले नसन ऐकाचं तर बाहेर जा."

धोंडबा गेला नाही.

गाणं सुरू झालं आणि तो ट्रान्झिस्टरजवळ सरकला. मागावर बसून तो म्हणायचा तेच गाणं! लहानपणी शेजारी बसून कांड्यांवर सूत भरताभरता जयानं उचललेलं. अरे देवा, काय गोड गात होती पोरगी! पहिलं कडवं झालं, दुसऱ्याला आवाज बारीक होत गेला, खरखरला, आणि बंद.

"असं कसं?" धोंडबा ओरडला. "रोज तर बल्ब पेटत होता!"

सिंधूताई वळली. "तुम्ही पण पाहत होते?"

"पण म्हंजे?"

"तुम्ही आंघोळीले गेले का मी बल्ब लावून पाहो. कालही पाहिला."

होता नव्हता तो जीव दोघांनी चोरून तपासण्यातच संपवला होता. सिंधूताईला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. "पुढचं तरी म्हणा. तुमचंच गाणं आहे ना!"

धोंडबानं घसा खाकरला. दोन ओळी म्हटल्या आणि तिसरी अर्धीच सोडली. तो उठला, खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली, पायात चपला सरकवल्या.

"आता कुठं निघाले?"

"सेल आणाले."

"गाणं तर संपलं असन. आता काय करता सेल?"

"रामदासपेठेत चांगले भेटतात म्हणे," धोंडबा तिच्याकडे न बघता म्हणाला. "चाल वं."

सिंधूताई त्याच्या आधी दाराबाहेर होती.